शाळेच्या बाकावर महाविद्यालयाची जमा

गेल्या पावसाळ्यात माझी नात शाळेतून एक संमतिपत्र घेऊन आली. ‘अपार’ ओळख क्रमांकासाठी पालकांची संमती हवी होती. ‘आजोबा, बाबा पुण्याला गेलेत, तुम्हीच सही करा,’ असे म्हणून तिने कागद माझ्यापुढे सरकवला. ज्याने छत्तीस वर्षे बँकेत काढली, त्याला कागद वाचल्यावाचून सही करवत नाही आणि दुसऱ्याच्या जागी तर मुळीच करवत नाही. ‘सही तुझे बाबाच करतील, मी फक्त वाचतो,’ असे सांगून मी चष्मा चढवला. त्या कागदाबरोबर आलेल्या माहितीपत्रकात दोन शब्द असे होते की मी जागीच थबकलो. एक होता ‘बँक’ आणि दुसरा ‘क्रेडिट’.

उभा जन्म ज्या शब्दांवर पोट भरले, ते शब्द नातीच्या दप्तरातून निघावेत, याचे कौतुक वाटले. थोडी धास्तीही वाटली. आमच्या व्यवहारात ‘क्रेडिट’ हा मोठा लबाड शब्द आहे. खात्यात रक्कम पडली तरी क्रेडिट आणि डोक्यावर कर्ज चढले तरी क्रेडिटच. तेव्हा ही नवी बँक मुलांच्या नावावर नेमके काय टाकणार आहे, हे समजून घ्यावे असे मनाने घेतले. पुढचे दोन-तीन महिने मी त्याच उद्योगात होतो. त्यातून जे हाती लागले, ते आपल्या मासिकाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे. कारण घरोघरी नववी ते बारावीत शिकणारी मुले आहेत आणि असे कागद आज ना उद्या प्रत्येकाच्या हाती येणार आहेत.

२९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केले. वर्षभरानंतर, जुलै २०२१ मध्ये, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ स्थापन झाली. मराठीत तिला शैक्षणिक श्रेयांक पेढी म्हणू. विद्यार्थ्याने एखादा अभ्यासक्रम पूर्ण केला की त्याचे श्रेयांक त्याच्या नावावर जमा होतात. मध्येच शिक्षण सुटले किंवा महाविद्यालय बदलले, तरी ही जमा बुडत नाही; ती साधारणपणे सात वर्षे ग्राह्य राहते. २०२३ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला आणि ही कल्पना शाळेपर्यंत उतरली. त्यात वर्षाचे १२०० अध्ययन-तास धरले आहेत, ३० तासांना एक श्रेयांक, म्हणजे वर्षाला ४० श्रेयांक. या तासांत वर्गात बसणे, प्रयोग करणे, घरी अभ्यास करणे, सारे धरलेले आहे. २०२४-२५ या सत्रात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने सहावी, नववी आणि अकरावीच्या वर्गांसाठी याची प्रायोगिक अंमलबजावणी करण्यास आपल्या शाळांना पाचारण केले. अपारचा बारा अंकी क्रमांक म्हणजे या साऱ्या जमाखर्चाचा खातेक्रमांक.

येथवर वाचून मला प्रश्न पडला की शाळेत असतानाच महाविद्यालयाचे श्रेयांक मिळवता येतील काय? म्हणजे अकरावीतील हुशार मुलीने पदवीच्या पहिल्या वर्षातील एखादा विषय आधीच पूर्ण केला, तर पुढे तो पुन्हा शिकण्याची सक्ती तिच्यावर नसावी.

ही कल्पना अमेरिकेत जुनी आहे. मिनेसोटा राज्याने १९८५ साली कायदा करून अकरावी-बारावीच्या मुलांना महाविद्यालयाचे दार उघडून दिले. मुले माध्यमिक शाळेत नोंदलेली असतानाच महाविद्यालयात जाऊन विषय घेतात आणि त्याचे गुण दोन्हीकडे धरले जातात. माझे लक्ष गेले ते पैशाकडे. तेथे शिकवणीचे शुल्क आणि पुस्तकांचा खर्च राज्य सरकार उचलते. मूल जितका वेळ महाविद्यालयात जाते, त्या प्रमाणात शाळेला मिळणारे अनुदान कमी होते आणि ते महाविद्यालयाकडे वळते. गरीब घरच्या मुलांना प्रवासखर्चाचीही सोय आहे. २०२२-२३ या वर्षात त्या देशात सुमारे २५ लाख शालेय विद्यार्थ्यांनी असा किमान एक विषय घेतला. अर्थात तेथेही या सोयीचा लाभ आधी सुस्थितीतील वस्त्यांनीच घेतला. म्हणून पुढे अनेक राज्यांना, गरीब वस्तीतील शाळांपर्यंत हे वर्ग न्यावेत यासाठी वेगळी अनुदाने द्यावी लागली. अनुदान हे नुसते आहे म्हणून पुरत नाही, ते कोणत्या दारातून आत शिरते हे पाहावे लागते, एवढे त्यावरून कळते.

आपल्याकडे असे काही नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. राष्ट्रीय शिक्षण धोरण १९८६ चे आले, तेव्हा उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के मुले १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणाकडे वळवावीत, असे लक्ष्य ठेवले गेले. १९८८ पासून केंद्राची योजना आली आणि महाराष्ट्रात किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजेच ‘एमसीव्हीसी’, कनिष्ठ महाविद्यालयांत सुरू झाले. विज्ञान शाखेत द्विलक्ष्यी विषय होते, ज्यांना आपण आजही ‘बायफोकल’ म्हणतो: इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, विद्युत देखभाल, पीकशास्त्र, पशुविज्ञान व दुग्धव्यवसाय. ठरवलेले टक्के कधीच गाठले गेले नाहीत. पण त्या व्यवस्थेत एक खरी जमा होती. तांत्रिक गटातून बारावी झालेल्या मुलाला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकत असे आणि ती वाट अद्याप बंद झालेली नाही. त्या काळी श्रेयांक हा शब्द कोणी वापरत नव्हते, पण मुलाचे एक वर्ष वाचत होते, हे महत्त्वाचे.

निवृत्तीच्या आठ-दहा वर्षे आधी मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत असताना एक शेतकरी मुलाला घेऊन शैक्षणिक कर्जासाठी आला. कोरडवाहू पाच एकर, सोयाबीन आणि तूर. त्या वेळी चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नव्हते, तरी आम्ही माणूस पाहत असू. मुलाने बारावीला विद्युत विषयाचा व्यवसाय अभ्यासक्रम केला होता आणि तंत्रनिकेतनात त्याला दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला होता. मी प्रस्ताव करताना तीन वर्षांचा खर्च मांडू लागलो. वडील हळूच म्हणाले, ‘साहेब, दोनच वर्षांचे लिहा. एक वर्ष त्याने शाळेतच फेडले.’ हे वाक्य माझ्या कायमचे ध्यानात राहिले. एका वर्षाचे शुल्क, वसतिगृह, खानावळ वाचली आणि एक वर्ष आधी पगार सुरू झाला. ते कर्ज मुदतीआधी फिटले.

त्याच शाखेत याच्या उलटही पाहिले. एका कुटुंबाने मुलीला दहावीनंतर एका खाजगी संस्थेत ‘पुढील शिक्षणात सवलत मिळेल’ अशा भरवशावर संगणकाचे दोन मोठे अभ्यासक्रम करविले. त्यासाठी उसनवार केली. प्रमाणपत्रे सुबक होती, सोनेरी शिक्के होते. पदवीला प्रवेश घेताना मात्र महाविद्यालयाने ती बाजूला ठेवली. त्यांच्या लेखी त्यांचे मूल्य शून्य. वडील ती प्रमाणपत्रे घेऊन माझ्याकडे आले, जणू बँक तरी ती वटवील. श्रेयांक कोणी दिले, यापेक्षा ते कोण स्वीकारणार, हे अधिक मोलाचे असते. धनादेश लिहिणारा कितीही मोठा असो, ज्या बँकेवर तो काढला आहे तिने पैसे दिले नाहीत तर तो नुसता कागद. नव्या आराखड्यातही शेवटचा अधिकार श्रेयांक स्वीकारणाऱ्या संस्थेचाच आहे. म्हणून कोणत्याही वर्गाला, शिबिराला, संकेतस्थळाला पैसे भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा: हे श्रेयांक कोणते विद्यापीठ धरणार आहे, आणि तसे लेखी आहे काय?

आता हिशेब मांडून पाहू; जुनी सवय आहे. पदवीच्या एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०. वर्गातील व्याख्यानाचे १५ तास म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला ३० तास. पूर्ण एक सत्र वाचवायचे म्हटले तर २० श्रेयांकांसाठी ३०० तास वर्गात बसावे लागेल. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत, बोर्डाचा अभ्यास आणि प्रवेश परीक्षांची तयारी सांभाळून, हे बहुतेकांना झेपणारे नाही. चार ते आठ श्रेयांक मात्र सहज झेपतात: दोन विषय, आठवड्यातून दोन-तीन तास. त्याने पदवी लवकर मिळणार नाही, पण पहिल्या वर्षाचे ओझे हलके होईल. मुख्य म्हणजे ज्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्या घरच्या मुलाला ‘हे मला जमते’ असा विश्वास बसेल. आणि आपल्या समाजात बारावीनंतर दुकानावर बसणारी मुले आहेत, लग्नानंतर शिक्षण थांबलेल्या मुली आहेत; त्यांच्या दृष्टीने सात वर्षे न बुडणारी जमा ही लहान गोष्ट नाही.

हे आपल्या जिल्ह्यात शक्य आहे काय? मला तर वाटते, अमेरिकेपेक्षा येथे सोपे आहे. तेथे शाळा आणि महाविद्यालय यांच्यात अंतर असते, बसची सोय करावी लागते. आपल्याकडे खामगाव, बुलढाणा, चिखली, मलकापूर अशा गावांत कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा एकाच आवारात, एकाच संस्थेचे, एकाच फाटकाचे असते. सकाळी अकरावीचा वर्ग ज्या खोलीत बसतो, त्याच खोलीत दुपारी बी.एस्सी.चा. प्रयोगशाळा तीच, ग्रंथालय तेच. फार काय, बारावीची परीक्षा घेणारे विभागीय मंडळ अमरावतीला आणि १ मे १९८३ रोजी स्थापन झालेले संत गाडगे बाबांच्या नावाचे विद्यापीठही अमरावतीलाच. (मी स्वतः एम.कॉम. झालो तेव्हा आम्ही नागपूर विद्यापीठात होतो. निकालाच्या चौकशीसाठी नागपूरची गाडी धरावी लागे.) विषयही दूर शोधायला नकोत. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादनाने शेतीचे रूप पालटले आहे; तेथील अकरावीच्या मुलाने बीजशास्त्राचा दोन श्रेयांकांचा विषय घेतला तर त्याला प्रात्यक्षिकासाठी घराच्या मागे जाण्यापलीकडे काही करावे लागणार नाही. लोणारच्या मुलांना भूशास्त्र शिकवायला उल्केने केलेले सरोवर समोर आहे.

मग अडते कोठे? अडते ते लेखाशीर्षावर. सरकारी पैसा ज्या शीर्षाखाली येतो, त्याच शीर्षाखाली खर्च व्हावा लागतो, हे ज्याने कोषागाराशी व्यवहार केला आहे तो जाणतो. शाळांसाठी समग्र शिक्षा योजना आहे, २०१८-१९ पासून. आपल्या राज्यात तिचा भार केंद्र ६० आणि राज्य ४० या प्रमाणात. निवडक शाळांसाठी पीएम-श्री योजना आहे, सप्टेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेली, देशभरातील १४,५०० शाळा आणि २७,३६० कोटी रुपये. महाविद्यालयांसाठी पीएम-उषा, २०२३-२४ ते २०२५-२६ या काळाकरिता सुमारे १२,९२६ कोटी. रकमा लहान नाहीत. पण पहिल्या दोन शालेय शिक्षण विभागाच्या वाटेने येतात, तिसरी उच्च शिक्षणाच्या, आणि व्यवसाय अभ्यासक्रम कौशल्य विकास विभागाकडे. अकरावीच्या मुलीला शिकवायला आलेल्या पदवीच्या प्राध्यापकाच्या तासिकेचे मानधन कोणी द्यायचे? शाळा म्हणेल तो आमचा शिक्षक नाही, महाविद्यालय म्हणेल ती आमची विद्यार्थिनी नाही. दोन शेतांच्या मधल्या बांधावर जसे कोणीच पेरत नाही, तसे हे आहे. मिनेसोटाने कायद्यात हाच बांध मोडला: विद्यार्थ्यामागे पैसा चालेल, असे ठरवले.

अनुदान मिळाले तरी ते वापरता यावे लागते, हेही सांगतो. निवृत्तीनंतर एका शाळेचे हिशेब पाहून द्यावेत म्हणून मला बोलावण्यात आले. शाळेचे नाव सांगत नाही. विज्ञान-तंत्रज्ञानाची एक प्रयोगशाळा त्यांना मंजूर झाली होती, अटल टिंकरिंग लॅबच्या धर्तीची. त्या योजनेत उभारणीला १० लाख आणि पाच वर्षांच्या संचालनाला १० लाख रुपये मिळतात, हे वाचकांना ठाऊक असेल. यंत्रे आली, फीत कापली, फोटो निघाले. ज्या शिक्षकाने सारे शिकून घेतले होते तो दुसऱ्या गावी गेला आणि खोलीला कुलूप लागले. मी कीर्दवही पाहिली तर अनुदानाच्या खात्यावर मिळालेले व्याज शाळेने आपले उत्पन्न म्हणून दाखवले होते. अशा अनुदानावरील व्याज आपले नसते, ते शासनाला परत करायचे असते, हा सर्वसाधारण वित्तीय नियम कोणाला माहीतच नव्हता. उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही, म्हणून पुढचा हप्ता अडला. हप्ता अडला म्हणून तासिका तत्त्वावर नवा माणूस नेमता आला नाही. माणूस नाही म्हणून खोली बंद. कोणी पैसे खाल्ले नव्हते. लबाडी असती तर मला राग तरी आला असता. येथे नुसतेच एक प्रपत्र भरायचे राहिले होते आणि दोन वर्षांच्या मुलांनी त्या खोलीचे फक्त दार पाहिले.

आम्ही कागद पूर्ण केले, व्याज परत भरले. त्याला सहा महिने लागले. २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा एकाच नोडल खात्यातून, शून्य शिलकीच्या उपखात्यांमार्फत चालतो. शाळेच्या खात्यात रक्कम पडून राहण्याचा काळ गेला. हे चांगलेच झाले. पण खर्चाची मर्यादा वेळेत वापरली नाही तर ती संपते, आणि मार्चअखेरीच्या आठवड्यात घाईने कपाटे विकत घेण्याची आपली जुनी खोड काही सुटलेली नाही. श्रेयांक वर्गांचे अनुदान उद्या आले, तर त्याची कपाटे होऊ नयेत, ही माझी पहिली चिंता.

दुसरी चिंता अधिक गंभीर आहे. आज अनेक मुलांचे नाव एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असते आणि मूल दुसऱ्याच शहरात शिकवणी वर्गाच्या खोलीत. पालकांना हे माहीत असते, संस्थेला माहीत असते. अशा हजेरीवर जर श्रेयांक जमा होऊ लागले, तर ती बनावट जमा ठरेल, आणि बनावट जमेची बँक एक दिवस बुडते. खोटी स्थिती दाखवणाऱ्या पतसंस्थांचे पुढे काय झाले, ते आपल्या भागात वेगळे सांगायला नको. वर्गाविना श्रेयांक देण्यापेक्षा न दिलेले बरे, असे मी नातीच्या शाळेतील सभेत बोललो, तेव्हा एक-दोन पालकांना ते आवडले नाही.

सरकारची वाट पाहतानाही काही करता येते. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ च्या जुलैपासून चालू आहे. नववीपासून पदव्युत्तर स्तरापर्यंतचे अभ्यासक्रम त्यावर आहेत, शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्र हवे असल्यास परीक्षेचे शुल्क. पदवीच्या विद्यार्थ्यांना आपले काही श्रेयांक त्यावरून मिळवण्यास आयोगाची मुभा आहे. मद्रास आयआयटीच्या बी.एस. पदवीसाठी अकरावीची अंतिम परीक्षा दिलेला विद्यार्थी पात्रता प्रक्रियेत भाग घेऊ शकतो आणि बारावी झाल्यावर प्रवेश घेऊ शकतो. आपल्या समाजाची जी वसतिगृहे व विश्वस्त निधी आहेत, त्यांनी दरवर्षीच्या वह्यावाटपाबरोबर अशा परीक्षांचे शुल्क आणि मोताळा-संग्रामपूरसारख्या तालुक्यांतून येणाऱ्या मुलींचे एसटीचे पासाचे पैसे उचलले, तर रक्कम मोठी होत नाही. वह्या वाटताना फोटो चांगला येतो, हे खरे. परीक्षा शुल्काचा फोटो येत नाही.

नातीच्या संमतिपत्रावर तिच्या वडिलांनी पुण्याहून आल्यावर सही केली. ‘आता माझ्या खात्यात काय जमा होणार?’ असे तिने विचारले. ‘सध्या शून्य,’ मी म्हणालो. ती हसली, तिला वाटले आजोबा थट्टा करतात.

त्यानंतर आम्ही चार-पाच निवृत्त मंडळींनी मिळून एका संस्थेच्या प्राचार्यांची भेट घेतली. अकरावीच्या तीस मुलांसाठी, दुपारच्या रिकाम्या प्रयोगशाळेत, पदवीच्या पहिल्या सत्रातील दोन श्रेयांकांचा एक विषय चालवावा; तासिकेचे मानधन पहिली दोन वर्षे आम्ही गोळा करू; त्यांनी विद्यापीठाकडून श्रेयांक धरण्याची लेखी मान्यता घ्यावी, असे ठरले. प्राचार्य सज्जन आहेत, पण सावधही आहेत. पत्राचा मसुदा त्यांनी माझ्याकडून तीनदा बदलून घेतला. गेल्या महिन्यात पत्र आवक-जावक नोंदवहीत चढले आणि अमरावतीला रवाना झाले. स्थळप्रत माझ्या फाइलमध्ये आहे. उत्तर यायचे आहे.